आमच्यात नाही म्हणत नाहीत

पास्टर बाउरोंनी माझं पुस्तक मागितलं ते रविवारच्या जेवणानंतर, मनेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छपराखाली, सगळ्या गावासमोर. एकटीला गाठून मागितलं असतं तर मी काहीतरी सबब सांगितली असती. वाळवी लागलीय, मामेबहिणीनं नेलंय, काहीही. पण त्यांनी बरोबर वेळ साधली. म्हातारी मंडळी आपापल्या घराण्याच्या खांबाला टेकून बसली होती, बायका ताटं उचलत होत्या, आणि माझी आई गायनवृंदातल्या बायकांबरोबर पंख्यानं वारा घेत होती.

“रुता, मी तुझ्याकडे बुबुसी घेऊन आलोय,” ते म्हणाले. “तुझ्याकडचं ते पुस्तक मला हवंय. वाचायला.”

बुबुसी म्हणजे हक्काचं मागणं; तसं मागितलं की द्यायचं. आमच्यात नाही म्हणत नाहीत. माझ्या भावानं राजधानीच्या बेटावरून, तारावाहून, नवी सायकल आणली होती, ती धक्क्यावरून घरापर्यंतसुद्धा पोचली नाही. वाटेत चुलत्यानं मागितली, यानं दिली, आणि उरलेली वाट खांद्यावर पिशवी टाकून चालत आला. नाही म्हणणाऱ्याला कोणी मारत नाही, पण त्याच्या मुलांच्या लग्नातसुद्धा त्या नकाराची आठवण निघते.

तेव्हा मी घरी गेले, गादीखालून पुस्तक काढलं आणि आणून दिलं. मनात मात्र धुमसत होते. पास्टरना वाचायचंबिचायचं काही नव्हतं. माझ्या हातातून काढून घ्यायचं होतं, आणि तेही ‘काढून घेतलं’ असं न दिसता.

“वाचायला मागितलंत, तर वाचा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “नुसतं पेटीत ठेवू नका.”

“रुता!” आई मागून म्हणाली.

“वाचीन,” पास्टर म्हणाले. माणूस चिडला की लाल होतो तसे ते लाल झाले होते. “पहिल्या पानापासून वाचीन. आणि कुठे कुठे चुकलंय ते इथंच उभं राहून सांगीन.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत वडील इओतेबा आजोबा म्हणाले, “हे बरं झालं,” आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

ते पुस्तक मला शाळेत मिळालं होतं. ऑस्ट्रेलियातून आमच्या शाळेला जुन्या पुस्तकांची खोकी येतात. बर्फात गाडी कशी चालवावी, घोड्याची निगा कशी राखावी, असली पुस्तकं. त्यात हे होतं. मुखपृष्ठ फाटलेलं, नाव गेलेलं. जगभरच्या लोकांनी जग कसं झालं म्हणून सांगितलं, ते एकेका पानावर एकेक असं त्यात दिलं होतं. चाळता चाळता दोनशे बाराव्या पानावर मला आमचं बेट सापडलं. नारेआउ नावाच्या आठ पायांच्या कोळ्यानं आभाळ आणि जमीन एकमेकांपासून कशी सोडवली, ते सगळं. आजी हे आम्हाला कुजबुजत सांगायची, कारण मोठ्यानं सांगितलं तर चर्चमधून नाव काढायचे. सैतानाच्या गोष्टी म्हणायचे. आणि शेजारच्याच पानावर, त्याच टायपात, तेवढ्याच जागेत, सहा दिवसांत जग करून सातव्या दिवशी विसावा घेणारा आमचा देव. खाली एक ओळसुद्धा नव्हती की बाबांनो, डावीकडचं खोटं आणि उजवीकडचं खरं.

मला आनंद वगैरे झाला नाही. वाचून डोळे उघडल्यावर हलकं वाटतं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मला जडच झालं. मी सेहेचाळीस वर्षांची बाई, देवाशी रोज बोलणारी. नवरा समुद्रावरून परत आला नाही तेव्हा देवाशीच भांडले, देवाच्याच गळ्यात पडून रडले. वर्षभर मी ते पुस्तक उलटसुलट वाचलं, ती एक ओळ शोधत. डावं पान खोटं हे आम्हाला कोणी सांगितलं? उजव्या पानावरच्यांनी. त्यांना कोणी सांगितलं? याच्यापुढे मला जाता येईना. एका सकाळी प्रार्थनेला बसले आणि लक्षात आलं की आपण एकट्याच बोलतोय. त्यानंतर चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवायची.

चूक माझीच. आठवीच्या वर्गात मी ती दोन्ही पानं वाचून दाखवली आणि विचारलं, “यात सारखं काय आहे?” एका मुलीनं हाच प्रश्न पास्टरांच्या रविवारच्या वर्गात नेऊन विचारला. त्यावरून ते पुस्तकापर्यंत पोचले. आणि आईही पोचली.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलटून बोलले असते. त्या दिवसापासून ती जेवताना दोनदा प्रार्थना म्हणायला लागली. एक स्वतःची आणि एक माझ्या वाटची. मासा पुढ्यात गार व्हायचा.

“आई, माझ्यासाठी नको म्हणूस.”

“तू नाही म्हणत ना? मग कोणीतरी म्हटली पाहिजे,” ती म्हणायची. “मी वर गेल्यावर तुला शोधत बसू का?”

तिचं एवढंच होतं. आम्ही दोघी पुन्हा भेटणार की नाही, यावर तिचा जीव टांगला होता. भेटू असं खोटं सांगायचं म्हटलं तर ते तिच्यासमोर मला लहानपणापासून कधी जमलं नाही.

पुस्तक गेल्यावर तिसऱ्या रविवारी पास्टरांचं प्रवचन लवकर आटपलं. चौथ्या रविवारी त्याहून लवकर. लोक खूश झाले, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली दीड तास बसणं सोपं नाही. इओतेबा आजोबा म्हणाले, पास्टरना आता आटोपशीर बोलायला जमू लागलं. पुस्तकात कुठे चुकलंय ते सांगायला मात्र कोणी उभं राहिलं नाही, आणि लोक ते विसरूनही गेले. मी विसरले नव्हते. मी पहिल्या रांगेच्या कडेला बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, काय पास्टर, सापडली का ओळ?

एका दुपारी शाळा सुटल्यावर ते वर्गात आले. पुस्तक केतकीच्या चटईत गुंडाळून काखेत धरलेलं. मुलांच्या बाकावर बसले. अंगानं थोराड माणूस, गुडघे बाकात मावेनात.

“तीनदा वाचलं,” ते म्हणाले.

“बरं.”

“तू मला काय दिलंस हे!”

“तुम्ही मागितलंत,” मी म्हटलं. “आमच्यात नाही म्हणत नाहीत.”

मला तेव्हा मजा वाटली, हे कबूल करते. मग त्यांनी वर बघितलं आणि माझी मजा गेली. त्या माणसाला बरेच दिवस झोप नव्हती.

“माझे आजोबा याच बेटावर पास्टर म्हणून आले होते,” ते म्हणाले. “तुमच्या घराघरांत पूर्वजांच्या कवट्या ठेवलेल्या असायच्या. तेल लावून, हार घालून. आजोबांनी त्या सगळ्या गोळा करायला लावल्या आणि होडीत घालून बाहेरच्या समुद्रात टाकल्या. बायका किनाऱ्यावर लोळण घेत होत्या म्हणे. आमच्या घरी ही गोष्ट अभिमानानं सांगतात. नाताळात सांगतात.” मग त्यांनी विचारलं, “कशाच्या जोरावर टाकल्या, रुता?”

 त्यातली एक कवटी माझ्या आईच्या पणजोबांची होती. पण बाकात अडकून बसलेल्या माणसाला ते काय सांगायचं.

“येत्या रविवारी मनेआबात सांगणार आहे,” ते म्हणाले. “की मी आता मानत नाही. मग बायकोला घेऊन तिच्या बेटावर जाईन, मासे मारीन.”

“वेड लागलंय का तुम्हाला? मी सांगितलं का कोणाला? गप्प बसून ओठ हलवायचे.”

“तू ओठ हलवतेस. मला हात वर करून आशीर्वाद द्यावा लागतो,” ते म्हणाले. “सहा वर्षं या गावानं मला जेवू घातलंय. फुकटचं खाऊन खोटं बोलू?”

मला ते पटलं. म्हणजे खरं सांगायचं तर मला ते आवडलं. या बेटावर माझ्यासारखं आणखी एक माणूस आहे, आणि ते उभं राहून बोलणार आहे. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघत होते.

आई मंगळवारी पडली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यातल्या नर्सनं तारावाला रेडिओवरून कळवलं, पण विमान तीन आठवडे बंद होतं आणि बोट परवाच निघून गेलेली. शनिवारी नर्स मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, “ताई, आता माणसं बोलावून घ्या.” मी भावाला बोलावलं, मावशीला बोलावलं. आईला अंगणातल्या उघड्या मचाणावर घेतलं, वारा लागावा म्हणून. ती एकेका श्वासासाठी खांदे उचलत होती.

रविवारी सकाळी ती म्हणाली, “बाउरोंना आण.”

“चर्च सुरू आहे, आई. नंतर मनेआबात जेवण.”

“जेवणाआधी आण. त्यांच्या तोंडून प्रार्थना हवी.”

“मावशी म्हणेल ना.”

“बाउरोंच्या.”

मग मी ते म्हणाले, जे म्हणीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. “मी म्हणू का, आई?”

तिनं डोळे उघडले. हसली की श्वास लागला, कळलं नाही. “तू नको,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडून आली तर मला शंका राहील. ते खरे आहेत.”

मी रस्त्यानं निघाले ती पळतच. चर्च सुटलं होतं. पास्टर घराच्या ओट्यावर एकटेच बसले होते, पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“कालपर्यंत म्हणाली असतीस तर आलो असतो. आज सकाळी मी ठरवून बायबल बंद केलंय. मरणाऱ्या बाईजवळ बसून मी खोटं बोलणार नाही. दुसऱ्या कोणापाशी बोलेन, तुझ्या आईपाशी नाही, तेरेंगाबाईंपाशी नाही.”

“माझ्या आईनं सहा वर्षं तुमच्यासाठी नीरा पाठवलीय. रोज सकाळी!”

“म्हणूनच.”

“तुमचा खरेपणा तुम्हाला लखलाभ!” मी ओरडले. “तिथं ती श्वास रोखून धरून पडलीय, तुमची वाट बघत. दोन मिनिटांचं काम आहे. शब्द तर येतात ना?”

“रुता, तूच इतके दिवस ओठ हलवलेस. कसं वाटायचं?” त्यांनी विचारलं.  ते उठले आणि मनेआबाकडे चालू लागले.

मी घराकडे वळले, चार पावलं गेले आणि थांबले. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि स्वतःचं कौतुकही केलं असतं. पण आई मचाणावर खांदे उचलत होती, आणि बरोबर-चूक यांचं मला त्या घटकेला काहीही देणंघेणं नव्हतं. माझ्या हातात फक्त एक गोष्ट होती. ती वापरली तर त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं.

मी मनेआबाशी पोचले तेव्हा गाव बसलेलं होतं आणि पास्टर मधोमध उभे होते. ताटं वाढलेली होती, पण कोणी हात लावला नव्हता, कारण जेवणाआधी मला काही सांगायचंय असं ते नुकतेच म्हणाले होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. 

बायका मनेआबाच्या मधोमध जात नाहीत. मी गेले. छपराच्या वळचणीखालून वाकून आत शिरले आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन मांडी घालून बसले.

“ए रुता, हे काय चाललंय?” इओतेबा आजोबा म्हणाले. “पास्टर बोलताहेत.”

“आजोबा, माझी आई चाललीय. मला एकच बोलायचंय.” मग मी पास्टरांकडे वळले. त्यांना कळलं होतं. ते मान हलवून मला नको नको म्हणत होते, अगदी बारीक, फक्त मला दिसेल इतकी.

“पास्टर, मी तुमच्याकडे बुबुसी घेऊन आलेय,” मी म्हटलं. “मला तुमची प्रार्थना हवीय. माझ्या आईसाठी. आत्ता.”

कोणीतरी मागे “आहा” म्हटलं. पुस्तकवाली रुता प्रार्थना मागायला आली! म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. गायनवृंदातल्या बायका रडायलाच लागल्या. आणि पास्टर माझ्याकडे बघत उभे राहिले. इतका वेळ, की एका म्हाताऱ्यानं खाकरून आठवण करून दिली.

“देतो,” ते म्हणाले.

वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मागून अर्धं गाव येत होतं. त्यांना जे सांगायचं होतं ते आता सांगता येणार नव्हतं, हे मला चालताना कळत होतं. देवाकडे परत आलेल्या बाईच्या आईसाठी प्रार्थना करून, त्याच दिवशी देव नाही म्हणून कोण सांगणार? मी त्यांची प्रार्थना मागितली होती. बरोबर आणखी काय घेतलं ते मागताना मला ठाऊक होतं, आणि तरी मी मागितलं. याची मला लाज वाटते. पुन्हा तसा दिवस आला तर पुन्हा मागीन.

ते आईच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. सुरुवात चांगली झाली. त्यांचा आवाज मुळात भरदार, आणि शब्द सहा वर्षांचे सवयीचे. पण मध्येच, ‘तू जो आमचं ऐकतोस’ इथं आल्यावर, आवाज थांबला. मी डोळे उघडे ठेवून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते आणि काही बाहेर येत नव्हतं. मचाणाभोवती सगळे वाट बघत होते. आईच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग ते पुढचं म्हणाले. भराभर, एका दमात, आमेनपर्यंत.

“आमेन,” सगळे म्हणाले. मीही म्हटलं, मोठ्यानं.

आईनं गायनवृंदात चाळीस वर्षं काढली होती. कोणाचा सूर कुठे सुटला ते तिला मागच्या रांगेतूनही कळायचं. तिनं पास्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. हात सोडला नाही.

“बाउरो,” ती म्हणाली. समोर ती त्यांना एरवी पास्टर म्हणायची. “मी तुमच्याकडे बुबुसी घेऊन आलेय.”

“बोला, तेरेंगाबाई.”

“माझ्या रुतासाठी रोज एक प्रार्थना. सकाळी. ती माझ्याकडे पोचेपर्यंत.” एवढं बोलायला तिला चार श्वास लागले.

मी म्हटलं, “आई, नको.” तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

पास्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. अर्धं गाव मचाणाभोवती उभं होतं. “देतो,” ते म्हणाले.

दुपार कलायच्या आत आई गेली. तोंडावर त्रास नव्हता. हे मी मनाचं समाधान म्हणून सांगत नाही, नर्सलाही विचारा.

पास्टर बेट सोडून गेले नाहीत. कसे जाणार? सकाळची घंटा झाली की चर्चच्या मागच्या दारात उभे राहून ते माझं नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. गावाचा नळ लागूनच आहे, मला पाणी भरताना शब्दन् शब्द ऐकू येतो. प्रवचनं पुन्हा लांबली आहेत. पुस्तक त्यांनी परत केलं, ते माझ्या गादीखाली आहे. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. रस्त्यात भेटलो की ते मान लववतात, मी लववते. त्यांनी मला माफ केलेलं नाही, आणि मी मागितलेली नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी घंटा झाली आणि माझं नाव आलं नाही. मी हंडा धरून उभी राहिले. वाटलं उशीर झाला असेल. हंडा भरून वाहायला लागला. मग तो तिथंच टाकला आणि त्यांच्या घरी गेले. पास्टर चटईवर पांघरूण घेऊन पडले होते, डोळे तापानं लाल. बायको कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.

“आज माझं नाव घेतलं नाहीत,” मी दारातूनच म्हटलं.

“अगं, रात्रभर ताप आहे त्यांना,” बायको म्हणाली. “उद्या घेतील. एक दिवस राहिला तर काय होतंय?”

“आईला शब्द दिलाय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. “आत्ता घ्या.”

पास्टर माझ्याकडे बघत राहिले. वर कोणी ऐकत नाही हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हे दोघांनाही माहीत आहे. ते कोपरावर टेकून उठले, हात जोडले आणि म्हणाले. माझं नाव, माझी तब्येत, माझी शाळा, माझी वाट. मी चौकटीला धरून शेवटपर्यंत उभी राहिले.

“आमेन,” ते म्हणाले. “झालं?”

“आईचंही घ्या.”

“रुता,” ते दमून म्हणाले, “आपल्या चर्चमध्ये मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करत नाहीत.”

“आपल्या चर्चमध्ये काय काय करत नाहीत ते तुम्ही मला सांगू नका,” मी म्हटलं. “घ्या.”

त्यांनी घेतलं.